दयारामभाऊंची रांग

आमची शाखा कशी चालली आहे हे मुंबईचं मुख्य कार्यालय संगणकाच्या पडद्यावर पाहायचं. दयारामभाऊ लोनबले दाराबाहेरच्या चपला पाहायचे. दोघांचे निष्कर्ष क्वचितच जुळत. त्याची खंत दोघांनाही नव्हती, कारण दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता.

"आज लोड कमी हाय, बाई," शटर वर गेलं की भाऊ मला सांगायचे. "पाथरीकडची गाडी खालीच आली वाटते." नाहीतर, "आज फुल हाय. मेश्रामबाईले सांगा, आताच पानी पिऊन घ्या म्हना. मंग टाइम नाई भेटाचा."

भाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सावलीत बसस्टँडच्या जवळ त्यांचं दुमजली घर. वर ते एकटे राहत, खाली आमची खाजगी बँक. कागदोपत्री ते घरमालक आणि आम्ही भाडेकरू. प्रत्यक्षात ते बँकेला गाडी समजत आणि आम्हाला त्या गाडीवर ड्यूटी लागलेला स्टाफ. मी या शाखेची ऑपरेशन मॅनेजर, मूळची चंद्रपूरची. रोज सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत ती खोडायची, हा माझा शिरस्ता. एक काम मात्र पहिल्या दिवसापासून यादीत होतं आणि शेवटपर्यंत खोडता आलं नाही: दयारामभाऊंना काउंटरच्या आत येऊ न देणे.

चपलांचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडच्या खेड्यातला माणूस बँकेत चप्पल घालून शिरत नाही. कोणी सांगितलेलं नसतं. फरशी पुसलेली असते, आत कोणीतरी खुर्चीवर बसून लिहीत असतं, तेवढं पुरे. शिवाय चप्पल रांगेतही उभी राहते. सकाळी लवकर यायचं, बंद शटरसमोर आपली चप्पल आधीच्या चपलेमागे ठेवायची आणि समोरच्या टपरीवर चहाला जायचं. शटर उघडलं की ज्याची चप्पल पुढे, तो पुढे. माणसं उन्हातून सुटतात आणि रांग उन्हात उभी राहते.

या रांगेचा सगळा कारभार भाऊंकडे होता. त्यांना तो कोणी दिला नव्हता.

त्यांच्या शर्टाच्या खिशात तिकिटाला भोकं पाडायचा जुना चिमटा असायचा. एसटीत तिकिटाचं मशीन आलं तेव्हा सगळे चिमटे जमा करायचे होते, तेव्हा भाऊंचा नेमका हरवला. निवृत्तीच्या दिवशी तो सापडला. व्हरांड्यात उभं राहून ते चिमटा टिकटिक वाजवत आणि म्हणत, "चला, पुढे सरका. आत जागा हाय. सुट्टे हातात ठेवा." पैसे काढायला आलेल्या माणसाने सुट्टे कशासाठी हातात ठेवायचे, हे त्यांना कोणी विचारलं नाही. लोक ठेवायचे.

आमच्या कॅशिअर सुनीता मेश्राम गावातल्याच. त्यांच्या काउंटरला भाऊ केबिन म्हणत. नोटा मोजायचं मशीन सुरू असताना त्यांच्याशी कोणी बोललं की भाऊ दारातून म्हणायचे, "डायवरसंग बोलू नका."

"अजी भाऊ, मले तं बोलू द्या," मेश्रामबाई म्हणायच्या. "त्याले विचारू कशी, नोटा पाचशाच्या पायजे का शंभराच्या?"

"खुणा करा."

पहिले काही महिने मात्र बोलायलाच कोणी नव्हतं. खाजगी बँक म्हटल्यावर लोकांना मागे गाशा गुंडाळून पळालेल्या कंपन्या आठवायच्या. "परायवेट हाय ना? मंग रातीच्या राती जाईन," असं टपरीवर बोललं जाई. आमचे शाखाधिकारी अद्वैत सर पुण्याचे, तिशीच्या आतले, टाय लावणारे. त्यांनी 'आपल्या स्वप्नांचा सोबती' अशी पत्रकं छापून आणली. भाऊंनी एक पत्रक उलटसुलट करून वाचलं.

"सपनं कोन पायते जी बँकेत, सायेब? लोक पासबुकावर शिक्का पायते."

"पण भाऊ, लोक आत तर आले पाहिजेत."

"येतीन. नवीन रूट सुरू झाला का गाडी खालीच पळते. पन पळवा लागते, अन् टाइमावर पळवा लागते. लोकायले रोज दिसली पायजे. एक दिवस कोनाची सायकल पंक्चर होते, अन् तो चढते."

सायकल पंक्चर होण्याची वाट पाहण्याइतका वेळ मुख्य कार्यालयाकडे नव्हता. सरांचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत होता. मग एका सोमवारी ते आले आणि दारातच थबकले. बाहेर चपलांची चांगली रांग लागलेली. त्यांनी टाय सरळ केला, केस सारखे केले आणि घाईने आत आले. आत मी, मेश्रामबाई आणि पंखा. सरांनी हॉलमध्ये पाहिलं, त्यांच्या केबिनमध्ये पाहिलं, शेवटी संडासातही डोकावून आले.

"ग्राहक कुठे गेले?"

"कोणते ग्राहक?" मी विचारलं.

चपला भाऊंच्या घरातल्या होत्या. जुन्या, झिजलेल्या, काही त्यांच्या, काही पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाच्या कॉलेजातल्या. सगळ्यांत पुढे निळ्या पट्ट्यांचा एक बायकी जोड. भाऊ जिन्यात उभे होते.

"खाली गाडीत कोनी चढत नाई, सायेब. चार डोके दिसले का पाचवं येते."

सरांना हे फसवणुकीत मोडतं का असा प्रश्न पडला. मी नियमांची पुस्तिका चाळून पाहिली. चपलांबद्दल तीत काही नव्हतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी हरांब्याची एक म्हातारी बाजाराच्या पिशवीसकट व्हरांड्यात थांबली. "का भेटून राह्यलं जी इथी?"

"खातं," भाऊ म्हणाले.

"फुकट?"

"फुकट."

तिने चपला काढून रांगेत ठेवल्या. आमच्या शाखेची वाढ तिथून सुरू झाली. पुढच्या आठवड्यात तिच्या बचत गटाच्या बाया आल्या. मग त्यांचे नवरे, बायांना काय मिळालं ते पाहायला. मग धान विकल्याचे पैसे येऊ लागले, सोनं ठेवून कर्जं मिळू लागली, राइस मिलवाले आले, एटीएम बसलं. आमच्या मागून चिमूरला शाखा निघाली, नंतर मुलचेऱ्याला. मुंबईत आमच्या आलेखावरची रेघ वर वळल्याचं सरांनी एकदा भाऊंना लॅपटॉपवर दाखवलं. भाऊंनी ती बोट लावून पाहिली.

"आपल्या डेपोच्या गाड्या वाढल्या म्हना ना," ते म्हणाले.

खऱ्या चपला येऊ लागल्यावर भाऊंनी आपल्या घरच्या वर नेल्या. निळ्या पट्ट्यांचा तो जोड मात्र राहिला. रोज सकाळी शटरच्या अगदी समोर, पहिल्या नंबरला. पहाटे व्याहाडहून निघून आलेला माणूसही त्याच्या मागेच चप्पल ठेवायचा. शटर उघडलं, माणसं आत गेली की तो जोड भाऊ उचलत, पुसत आणि वर नेत.

"भाऊ, हे कोनाचं हाय जी?" मेश्रामबाईंनी एकदा विचारलं.

"राखीव हाय."

"राखीव हाय, पन बसते कोन?"

"सीट राखीव असली म्हंजे रिकामी ठेवा लागते. कोनी बसो नाईतं न बसो. नियम हाय."

मेश्रामबाईंच्या मते तो दृष्ट लागू नये म्हणून केलेला तोडगा होता. माझ्या मते ती त्यांची सवय होती. काही लोक दुकान उघडताना उंबऱ्यावर पाणी शिंपडतात, भाऊ चप्पल ठेवतात. अशा गोष्टींत मी खोलात जात नाही, कामं राहून जातात.

बाकी माणूस मऊ. कोणाचं पासबुक विसरलं तर स्वतःच्या सायकलवर घरापर्यंत नेऊन आणत. खात्याचा अर्ज भरायचा असला की "कुठी जाचं हाय?" असं विचारून मग "नाव सांगा" म्हणत. पण एका बाबतीत ते फार कडक होते. कोणी कोणाची चप्पल हलवायची नाही. हे वाक्य त्यांनी व्हरांड्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं. सरांनी ते दोनदा पुसायला लावलं, भाऊंनी दोनदा लिहिलं. शेवटी सरांनी त्यावर व्याजदराचा फलक लावला, तेव्हा भाऊंनी ते फलकाच्या खाली लिहिलं.

एकदा गावातले एक मोठे ठेकेदार जीपमधून आले. त्यांच्या ड्रायव्हरने पुढच्या चपला पायाने बाजूला सारल्या आणि साहेबांचे सँडल समोर ठेवले. भाऊंनी ते सँडल दोन बोटांत उचलले, रांगेच्या शेवटाला नेऊन ठेवले आणि सरकलेल्या चपला एकेक करून जागेवर लावल्या.

"मले वळखलं नाई का, भाऊ?" ठेकेदार म्हणाले.

"मी वळखलं. रांगेनं नाई वळखलं."

ठेकेदारांचं आमच्याकडे मोठं खातं होतं. सर केबिनमधून धावत बाहेर आले. पण तोवर ठेकेदार चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते, कारण तिथे बसलेली सगळी माणसं आता त्यांच्याकडे पाहत होती. त्यांचा नंबर आला तेव्हा ते आले. पुढच्या वेळी स्वतः लवकर आले.

आमच्या शाखेचं नशीब बदललं ते झोनल साहेबांच्या भेटीने. साहेब नागपूरहून येणार म्हणून मी लांबलचक यादी केली होती: कुंड्या, पडदे, फायर सिलिंडरची तारीख, बिस्किटं. यादीत चपला होत्या. 'व्हरांडा मोकळा ठेवणे' असं लिहून मी त्याखाली रेघही मारली होती. आदल्या दिवशी भाऊंना समजावून सांगितलं.

"मोकळा?" भाऊ म्हणाले. "अन् सायेबाले वाटलं, इथी कोनी येतच नाई, मंग?"

त्यांनी त्यांची यादी केली असावी. दुसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस होताच. शिवाय भाऊंनी गावोगावच्या ओळखीच्या कंडक्टरांकडून निरोप धाडले होते की बँकेत कामं असतील तर उद्याच या. साहेबांची गाडी आली तेव्हा रांग व्हरांड्यातून उतरून, पायऱ्या ओलांडून, हातपंपाला वळसा घालून टपरीपर्यंत गेली होती. माणसं नाहीत, नुसत्या चपला. साहेब काही वेळ गाडीतून उतरलेच नाहीत. त्यांना वाटलं, आत काहीतरी झालं आहे.

"नमस्कार. बूट इथी काढा, सायेब," भाऊंनी रांगेचं शेवटचं टोक दाखवलं.

साहेबांनी काढले. आता मागे वळून पाहताना वाटतं, ते नाही म्हणू शकले असते. पण भाऊंच्या आवाजात तीस वर्षं भरलेल्या गाड्या होत्या. साहेब मोज्यांवर आत आले, तिजोरी पाहिली, कागद पाहिले, बिस्किट घेतलं. जायला निघाले तेव्हा त्यांचे काळे बूट भाऊंनी रांगेबरोबर सरकवत सरकवत शटरपाशी आणले होते. मागच्या चपलेची म्हातारी त्यांची वाटच पाहत होती.

"तुमचा नंबर आला, बापू. जाता का आत? नाईतं मी जाऊ?"

साहेबांनी तिला वाट दिली. ती म्हणाली, "सुखी राहा."

गाडीत बसण्याआधी साहेबांनी त्या रांगेचा एक फोटो काढला. पलीकडून, पूर्ण रांग येईल असा. भाऊंनी त्यासाठी दोन वाकड्या चपला सरळ केल्या. ते फार खुशीत होते. "पाह्यलं सायेबानं लोड," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी भजी मागवली.

महिन्याभरात पत्र आलं. ग्राहकांच्या मानाने जागा अपुरी. सोबत तो फोटो. गडचिरोली रस्त्यावर नव्या इमारतीत, काचेचं दार आणि पार्किंग असलेल्या मोठ्या जागेत शाखा हलवण्याचा निर्णय झाला होता.

सरांनी पेढे आणले. भाऊंना सांगायचं काम माझ्या यादीत आलं.

ते ऐकून भाऊंनी खिशातून चिमटा काढला, पाहिला, परत ठेवला.

"म्हंजे गाडी मोठी होऊन राह्यली."

"हो, भाऊ."

"चांगलं हाय. पन इथी कोन येईन मंग?"

"इथे कोणी नाही. जागा तुम्हाला परत."

दुसऱ्या दिवशी ते शिंप्याकडून टेप मागून घेऊन आले. मागची भिंत पाडली तर किती जागा होते, जिन्याखालची खोली धरली तर किती, हे त्यांनी मला मोजून दाखवलं. त्याच्या पुढच्या दिवशी वरचा मजलाही देऊ केला.

"वरचा? आणि तुम्ही कुठे राहणार?"

"गच्चीवर. टिनाचं शेड टाकतो. मले एकट्याले किती जागा लागते? डायवर-कंडक्टर तं टपावर बी झोपते." ते टेपची गुंडाळी करत होते. ती नीट होत नव्हती. "बाई, दिवसभर खालून आवाज येते. मशीनचा, मेश्रामबाईचा, तुमचा. वर्‍हांड्यात लोक बोलते. तेवढं राह्यलं तं बाकी घेऊन टाका."

मी हा प्रस्ताव नकाशासकट नागपूरला पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं. पार्किंग नाही.

सामान हललं त्या दिवशी भाऊंनी मला कामच उरू दिलं नाही. टेम्पोवर काय आधी चढवायचं, काय नंतर, कपाट आडवं की उभं, दोरी कुठून घ्यायची, सगळं त्यांनी सांगितलं. मजूर त्यांचं ऐकत होते, माझं नाही. तिजोरी उतरवताना त्यांनी पायऱ्यांवर स्वतःच्या घरच्या गोधड्या अंथरल्या. शेवटची खुर्ची चढली तेव्हा त्यांनी टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. टेम्पो निघाला. भाऊ व्हरांड्यातच राहिले.

"चला ना भाऊ, पाहायला," मी म्हणाले.

"मी नाई येत. माह्या रूटवर नाई ते."

नवी शाखा खरंच चांगली आहे. एसी आहे, सोफा आहे, काचेचं दार आपोआप बंद होतं. दाराशी वर्दीतला गार्ड आहे. तो चपला काढू देत नाही, तसा आदेश आहे. आणि टोकनचं मशीन आहे. बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी येते, मग एका बाईचा गोड आवाज नंबर पुकारतो.

पहिल्या आठवड्यात लोकांनी चिठ्ठ्या घेतल्या, बाहेर येऊन चपला काढल्या, चपलांची रांग लावली, प्रत्येकाने आपली चिठ्ठी आपल्या चपलेखाली ठेवली आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेले. आत तो गोड आवाज नंबर पुकारत राहिला. हायवेवरून ट्रक गेले की चिठ्ठ्या उडायच्या. गार्ड चपला गोळा करून पार्किंगमध्ये टाकायचा. लोक ओरडायचे की आमचा नंबर गेला. मेश्रामबाई काच ठोकून विचारायच्या, "अजी, तेरा नंबर कुठी हाय?" तेरा नंबर टपरीवर असायचा.

भाऊ आले नाहीत. जुन्या जागेसाठी एका मोबाइलवाल्याने दुप्पट भाडं सांगितल्याचं कळलं. भाऊंनी त्याला जागा दिली नाही.

शटरची एक किल्ली माझ्याकडे राहिली होती. ती परत करायची, असं यादीत लिहून मी एका शनिवारी सकाळी नव्या शाखेत जाण्याआधी तिकडे गेले.

शटर बंद होतं आणि बाहेर रांग लागलेली होती. मला क्षणभर वाटलं, लोकांना अजून पत्ता माहीत नाही. मग चपला ओळखीच्या वाटल्या. त्या झिजलेल्या, भाऊंच्या, मुलाच्या. त्यांच्यामागे एकेकट्या, बेजोड चपला: बँकेत गर्दीच्या दिवशी कोणाची कोणी घालून गेलेली, कोणी विसरलेली. प्रवाशांचं सुटलेलं सामान म्हणून भाऊ त्या पेटीत जपून ठेवत, ते मला माहीत होतं. आणि सगळ्यांत पुढे, शटरला लागून, निळ्या पट्ट्यांचा जोड.

भाऊ पायरीवर बसले होते.

"कशाची रांग, भाऊ?"

"कायची नाई. सकाळी हात रिकामे राह्यते."

मी किल्ली दिली. ती त्यांनी खिशात टाकली, चिमट्यावर वाजली. मी निघणार होते. पण तो निळा जोड पुसलेला होता, बाकीच्या चपलांवर धूळ होती. मी शेजारी बसले.

"हा कोणाचा आहे?"

"सुमनचा," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. आमची शाखा येण्याच्या आधीच्या वर्षी ती गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"तिले आपल्या नावाचं खातं पायजे होतं," भाऊ म्हणाले. "कोंबड्या ठेवे, अंडे विके. डब्यात पैसे ठेवे. म्हने, डब्बा नाई पायजे, पुस्तक पायजे. त्याच्यावर माहं नाव. तवा इथी बँक कुठी होती? दूर जा लागे. सकाळची गाडी पकडून गेली. रांगेत चप्पल ठेवली अन् झाडाखाली बसली सगळ्यासारखी. कोनीतरी तिची चप्पल काढून बाजूले टाकली. तिनं पाह्यलं बी. पन बोलली नाई. लाजे. बसून राह्यली. मंग खिडकी बंद झाली."

"मग?"

"मंग का? संध्याकाळी माह्याच गाडीनं वापस आली. म्या तिकीट फाडलं. विचारलं, झालं का काम? म्हने, नाई झालं, रांगेत चप्पल मांगं पडली. हासली. म्हनलं, आता जाशीन तवा मी येतो. पाहतो कोन हलवते." त्यांनी निळ्या जोडावर बसलेली माशी उडवली. "सुट्टीच नाई भेटली. पावसात तिले ताप आला. झालं."

टपरीवाला पोरांवर ओरडत होता. एक बस स्टँडकडे वळली, तिच्याकडे भाऊंनी सवयीने पाहिलं, किती भरली आहे ते.

"मंग तुमचे सायेब जागा पाहाले आले," ते म्हणाले. "म्या म्हनलं, भाडं का द्याचं ते द्या. रांग मी पाहीन."

मी काय काय करायचं आहे ते मनात लावून पाहिलं.

"भाऊ," मी म्हणाले, "तिथे फार गोंधळ आहे. लोकांना चिठ्ठी समजत नाही, गार्डला लोक समजत नाहीत. तो चपला उचलून पार्किंगमध्ये टाकतो."

भाऊंनी मान वर केली. "चपला हलवते?"

"रोज."

"कोन हाय तो? कुठचा?"

"बाहेरचा आहे. नवीन आहे. तुम्ही सोमवारी या. मशीनमधून पहिली चिठ्ठी मी काढून ठेवते. पहिला नंबर."

मी निघताना मागे पाहिलं, तर ते चपला गोळा करत होते.

सोमवारी दार उघडायच्या आधी भाऊ आले. चिमटा खिशात होता. गार्डशी त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण तेव्हापासून काचेच्या दाराच्या डाव्या बाजूला चपला रांगेत असतात आणि गार्ड त्यांच्यावर लक्ष ठेवतो. लोक चिठ्ठ्या आता टोपीत खोचतात, पदराला बांधतात. नंबर पुकारला की भाऊ टपरीकडे तोंड करून तोच नंबर आणखी मोठ्याने पुकारतात, त्यामुळे त्या गोड आवाजाची तशी गरज उरलेली नाही.

पहिली चिठ्ठी मी काढते. भाऊ ती दाराशी निळ्या जोडाच्या खाली ठेवतात आणि बाकावर येऊन बसतात. मेश्रामबाई बटण दाबतात. "टोकन क्रमांक एक, कृपया काउंटर क्रमांक दोनवर यावे." कोणी येत नाही. हॉलमध्ये माणसं भरलेली असतात, पण कोणी पुढे सरकत नाही; सगळ्यांना सवय झाली आहे. मेश्रामबाई लगेच दुसरा नंबर लावत नाहीत. नोटांचं मशीनही तेवढा वेळ बंद ठेवतात.

मागच्या तिमाहीत मुख्य कार्यालयातून विचारणा आली. आपल्या शाखेत टोकन क्रमांक एकचा ग्राहक रोज अनुपस्थित दिसतो, कारण कळवावे. अद्वैत सरांनी पत्र माझ्याकडे पाठवलं. मी कारणाच्या रकान्यात 'राखीव' असं लिहून परत पाठवलं. त्यावर अजून काही आलेलं नाही.

मेश्रामबाई बाकाकडे पाहतात. भाऊ चिमटा वाजवतात, टिकटिक.

"चला," ते म्हणतात, "पुढे सरका."